एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक चमत्कारिक शब्द रूढ झाला आहे. त्याच्या पोटात स्वरच नाही. पी, डब्ल्यू आणि एन ही तीन अक्षरे एकापुढे एक मांडली की झाला शब्द. बहुतेक लोक त्याचा उच्चार ‘पोन’ असा करतात. अर्थ असा की, प्रतिस्पर्ध्याला हरवणे. पण नुसते हरवणे नव्हे, तर त्याला पुन्हा तोंड वर काढायला जागा राहू नये असे हरवणे. आमच्या पेणच्या श्रोत्यांनी ‘पेण’ आणि ‘पोन’ यांत घोटाळा करू नये. गावाचा या शब्दाशी संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो आणि त्या वाटेने आम्ही पुढे जाणारच आहोत.

कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने शब्दांच्या व्युत्पत्तीत का शिरावे, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकापुढे झाले. परंतु फाटकापुढे उभा राहणारा माणूस शब्दांवरच जगतो. करारातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की शंभर माणसांचा महागाई भत्ता जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला शब्दांची कुळी शोधण्याची खोड लागते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली तरुण पोरे हा शब्द आमच्या देखत बोलू लागली, तेव्हा ती खोड आम्हांस स्वस्थ बसू देईना.

प्रथम या शब्दाचा जन्म पाहू. इंग्रजीत ‘ओन’ म्हणून एक साधे क्रियापद आहे. ओन करणे म्हणजे मालकीचे असणे, मालक असणे. घर, शेत, गाय, कारखाना, जे जे ताब्यात असेल त्याला हे क्रियापद लागते. खेळाच्या मैदानावर ते रूपकाने आले: अमुक खेळाडू तमक्याचा मालकच आहे, म्हणजे दर वेळी त्याला हरवतो. पुढे १९९० च्या दशकात दुसऱ्याच्या संगणकात चोरवाटेने शिरणाऱ्या मंडळींनी तेच क्रियापद उचलले. त्यांच्या तोंडी मात्र ते रूपक राहिले नाही. परक्या यंत्रावरचा सर्वाधिकार हाती आला की ते यंत्र आमच्या मालकीचे झाले, असे ते म्हणत, आणि व्यवहारात ते खरेच होते. यंत्र घरात ठेवणारा, विजेचे बिल भरणारा माणूस एक. आणि त्या यंत्राने काय करावे हे ठरवणारा दुसराच. संगणकावर एकमेकांशी लढाईचे खेळ खेळणाऱ्या मुलांनी हाच शब्द पुढे नेला. हरलेल्या गड्याला ‘तू आता आमच्या मालकीचा झालास’ असे सुनावण्याची रीत पडली.

आता ‘ओ’चा ‘पी’ कसा झाला? याला व्याकरण नाही, बोटे कारण आहेत. अमेरिकेत १८७४ साली बाजारात आलेल्या टंकयंत्रावर अक्षरांची जी मांडणी ठरली, तीच थोड्या फरकाने आजच्या संगणकावर आहे. तिच्या वरच्या ओळीत उजव्या टोकाला ‘ओ’ आणि ‘पी’ शेजारी शेजारी बसलेले आहेत. लढाईच्या घाईत बोट एक घर पुढे पडले की ‘ओन’चा ‘पोन’ होतो. अमुक एका खेळाच्या कर्त्यानेच ही चूक केली आणि तिथून ती पसरली, अशी दंतकथाही खेळाडू सांगतात; पण हजारो पोरे घाईघाईने तोच शब्द टाइप करीत असताना ही चूक एकाच माणसाच्या नावावर टाकण्याचे कारण दिसत नाही. नवलाची गोष्ट पुढेच आहे. ही चूक कोणी सुधारली नाही. उलट ती चूक जाणून बुजून करणे हीच आपल्या गोटातली खूण ठरली. आपल्याकडे ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘देणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. पोर्तुगीज १७४० साली रेवदंड्यातून गेले. त्यांचे क्रियापद मात्र इथे नाम होऊन राहिले आणि आज आपण त्याच्यासाठी संप करतो. शब्द चुकून येवो की लादला जावो, माणसांच्या उपयोगी पडला की टिकतो.

परंतु आम्हांस रस आहे तो बोट घसरण्यात नव्हे. ज्या शब्दावरून ते घसरले त्या ‘ओन’मध्ये आहे. त्याची मुळे खणू लागलो तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या, आणि प्रत्येक वेळी आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

पहिली गोष्ट अशी. इंग्रजीत ‘ओ’ असे आणखी एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ देणे लागणे, ऋणी असणे. मालक असणे आणि देणेकरी असणे ही दोन्ही क्रियापदे एकाच जुन्या धातूपासून निघाली आहेत. एके काळी हे दुसरे क्रियापदसुद्धा मालकीच्याच अर्थाने वापरीत. शेक्सपियरच्या नाटकांत ते त्या अर्थाने येते. नंतर अर्थ दुभंगला. एक भाऊ मालक झाला आणि दुसरा कर्जदार.

दुसरी गोष्ट. ‘केले पाहिजे’ या अर्थाने इंग्रजीत जो ‘ऑट’ शब्द येतो, तोही त्याच धातूचे भूतकाळी रूप आहे. म्हणजे कर्तव्य हा शब्दसुद्धा याच घरात जन्मला. मालकी, कर्ज आणि कर्तव्य ही तीन भावंडे एका आईची. अर्थशास्त्राच्या जाड्या ग्रंथांत जे सापडत नाही ते कधी कधी कोशाच्या एका ओळीत सापडते.

तिसरी गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे. भाषाशास्त्राचे पंडित सांगतात की ‘ओन’चा जो मूळ धातू, त्याचाच संस्कृत भाऊ म्हणजे ‘ईश्’. सत्ता चालवणे, स्वामी असणे हा त्याचा अर्थ. त्यावरून ईश, ईश्वर, महेश, गणेश. मालकीचा शब्द इंग्रजांकडे शेतावर, कर्जखात्यावर आणि शेवटी पोरांच्या खेळात गेला. आपल्याकडे तो देवळात गेला. पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती घडवणारे शेकडो हात वर्षभर राबत असतात. ते ज्याला गणेश म्हणतात त्याच्या नावाचा उत्तरार्ध आणि धाटावची पोरे मोबाइलवर जे ओरडतात तो शब्द, या दोहोंचे मूळ एक आहे, हे त्यांना सांगितले तर ते आम्हांला वेड्यात काढतील.

आपण रोज वापरतो तो ‘मालक’ शब्द मात्र अरबीतून आला. त्याचीही कुळी पाहण्यासारखी आहे. म, ल, क या तीन व्यंजनांपासून अरबीत राजा, राज्य आणि मालकी हे तिन्ही शब्द होतात. मलिक अंबरमधला ‘मलिक’, आपला ‘मुलूख’ आणि आपला ‘मालक’ ही एकाच घरची मंडळी. ज्याच्या ताब्यात आहे तो राजा, आणि राजाच्या ताब्यात आहे तो मुलूख. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे मालक’ असा करीत. त्यात प्रेम नव्हते असे नाही. पण शब्द कुठल्या शब्दकुळातून आला आहे ते लक्षात घेतले म्हणजे स्त्रियांना जमिनीच्या कागदावर स्वतःचे नाव लागायला इतका काळ का जावा लागला, याचा थोडा उलगडा होतो.

मग आम्ही मराठीतले हरवण्याचे शब्द गोळा करायला बसलो. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. मात करणे, शह देणे, चीतपट करणे, लोळवणे, धूळ चारणे, पाणी पाजणे, आस्मान दाखवणे, नाक कापणे, कुरघोडी करणे. मात आणि शह बुद्धिबळाच्या पटावरून आले, मूळचे फारसी. शह म्हणजे राजा. मात म्हणजे तो राजा आता निरुपाय झाला, त्याला घर उरले नाही. पण बुद्धिबळात राजाला कोणी मारीत नाही आणि पटावरून उचलीतही नाही. तो कोंडला गेला की डाव संपतो. चीतपट तांबड्या मातीतला. पाठ टेकली की कुस्ती निकालात. जिंकलेल्याला फेटा नि नारळ मिळतो, हरलेल्याची म्हैस मिळत नाही. कुरघोडी पोरांच्या खेळातली: जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या पाठीवर चढून बसायचे. मालकीच्या सर्वांत जवळ हाच शब्द जातो. तथापि त्यातही पाळी आहे. आज जो स्वार, तो उद्या घोडा होतो, आणि ही पाळी मोडणाऱ्याला पोरे खेळातून बाहेर काढतात.

एवढे शब्द पाहून आम्हांस क्षणभर वाटले की, हरलेल्याला मालमत्ता समजणे ही पश्चिमेकडची वृत्ती असावी. अमेरिकेत १८६५ पर्यंत माणसे कायद्याने खरेदी-विक्रीची वस्तू होती, तेव्हा तिथल्या भाषेत हे क्रियापद माणसाला लागावे यात आश्चर्य ते काय? पण असे म्हणून सुटका करून घेणे ही लबाडी होईल. आपल्या सभापर्वात काय घडले? धर्मराज द्यूतात हरला. आधी धन गेले, मग राज्य, मग भाऊ, मग तो स्वतः आणि शेवटी द्रौपदी. त्या सभेत हरणे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे होणे हाच नियम होता, आणि तो कोणाला विचित्रही वाटला नाही. विचित्र वाटला तो एका बाईला. तिने विचारले की, जो आधी स्वतःला हरला, जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कुठून राहिला? हा प्रश्न रडण्याचा नाही, कायद्याचा आहे. ज्याची मालकी दुसऱ्याकडे आहे त्याला तिसऱ्याचे मालक होता येते काय? भीष्मासारख्या जाणत्याला त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. आम्हांला विचाराल तर महाभारतातला सर्वांत कठीण प्रश्न हाच, आणि तो युद्धभूमीवर नव्हे, हिशेबाच्या जागी विचारला गेला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. या कुलाब्यात, पेणहून अलिबागकडे जाताना लागणाऱ्या मुलखात, चरी नावाचे गाव आहे. हरणे आणि मालकीचे होणे यांचा संबंध ज्याला पाहायचा असेल त्याने चरीचा इतिहास वाचावा. त्या काळी इथे खोती होती. खोत हा मुळात सारा वसूल करून सरकारात भरणारा मध्यस्थ. पण मध्यस्थ पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी बसला की तो मालक दिसू लागतो, आणि दिसता दिसता होतो. भातखाचर कसणारा तो कूळ. पिकाचा अर्धा वाटा, कधी त्याहून अधिक, खोताकडे जायचा. पावसाळ्यात खायला धान्य नसे, म्हणून कूळ खोताकडूनच उसने धान्य आणी आणि सुगीत ते दिढीने फेडी. वर वेठ होतीच: खोताच्या घरचे शाकारणे, लाकडे, लग्नकार्य. देणे कधी फिटत नसे. आम्ही वर ज्या दोन इंग्रजी भावांचा उल्लेख केला, मालक आणि देणेकरी, ते दोघे चरीच्या खळ्यावर समोरासमोर उभे होते आणि मापटे एकाच्याच हातात होते.

नारायण नागू पाटील यांनी तेथील आगरी आणि इतर कुळांना संघटित केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा भरली आणि संप पुकारला गेला. कारखान्यातल्या संपाला आपण सरावलो आहोत. हा संप शेताचा होता. कुळांनी जमीन कसायचीच नाही असे ठरवले. पंचवीसएक गावांत खाचरे ओसाड पडली. कामगार संपावर गेला तर मालकाचे यंत्र थांबते. कूळ संपावर गेले तर आधी त्याची स्वतःची चूल थांबते. या माणसांनी जंगलातली लाकडे तोडून विकली, खाडीत मासे-खेकडे धरले, दुसऱ्या गावी मजुरी केली, बायकांनी अंगावरचे मोडले, आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सहा पावसाळे, नांगर धरला नाही. आम्ही अनेक संप पाहिले आहेत, काही चालवले आहेत. सहा महिने माणसे टिकवून धरणे म्हणजे काय असते ते आम्हांस ठाऊक आहे. सहा वर्षे ही गोष्ट आमच्या अंदाजाबाहेरची आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३४ साली ते चरीच्या शेतकऱ्यांच्या परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईला विधिमंडळावर चालून गेले. १९३९ च्या कायद्याने कूळ या नात्याला कायद्याचे संरक्षण मिळू लागले. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषक दिन’ ठरवला आणि त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला. ज्याचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या कोपऱ्यात होते, ते मालकाच्या रकान्यात येऊ लागले.

येथे आमच्या शब्दाचा कस लागतो. चरीच्या कुळांनी खोतांना हरवले काय? निश्चितच हरवले. पण ते खोतांचे मालक झाले काय? नाही. त्यांनी खोताचे घर मागितले नाही, खोताने त्यांच्या घरी वेठ करावी असेही मागितले नाही. जिच्यावर घाम गाळला ती जमीन तेवढी मागितली. खोत त्याच गावात राहिला, त्याची मुले त्याच शाळेत गेली. कुळांनी बदलली ती पाठीवर बसण्याची रीत. घोड्याने स्वार व्हायचे, एवढ्याने तो बदल झाला नसता.

हे सारे असेच गोड राहिले असे मात्र नाही, आणि त्यावर पांघरूण घालण्यात आम्हांस पुरुषार्थ वाटत नाही. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांत कातकरी समाज मोठा आहे. त्यांच्यातले बहुतेक कोणाचे कूळही नव्हते. त्यांचे नाव सातबाऱ्याच्या कोणत्याच रकान्यात नव्हते. खोती गेली, कुळे मालक झाली, आणि कातकऱ्याच्या वाट्याला नवा मालक आला. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीवाल्याकडून ‘उचल’ घ्यायची आणि दिवाळीनंतर अख्खे कुटुंब घेऊन भट्टीवर जायचे. मे महिन्यात हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. कायद्याच्या पुस्तकात ती नष्ट झाली. भट्टीवर ‘उचल’ हा शब्द तेवढा बोला आणि पाहा. ज्याने देणे लागावे त्यानेच मालकीचे व्हावे, हा जुना इंग्रजी धातू कातकरवाडीत अजून एकसंध आहे, त्याला फाटे फुटलेले नाहीत.

मालकीचा विचार पेण तालुक्यात बसून करणाऱ्याला एका नावाला वळसा घालून जाता येत नाही. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. ईशोपनिषदावर त्यांनी ‘ईशावास्यवृत्ति’ लिहिली. ‘ईश्’ धातूचा अर्थ त्यांनी असा घेतला की सगळे ईश्वराच्या मालकीचे आहे, आणि मग माणसाच्या हाती उरते ते फक्त वाटून खाणे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली येथे त्यांना पहिले भूदान मिळाले आणि पुढे वर्षानुवर्षे ते जमीन मागत देशभर पायी फिरले. आम्ही लाल बावट्याखाली वाढलेली माणसे. मागून मिळालेली जमीन आणि लढून मिळालेली जमीन यांत आम्ही फरक करतो, आणि भूदानातली बरीच जमीन नापीक निघाली किंवा कधी वाटलीच गेली नाही, हेही विसरत नाही. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रतिपक्षाला न हरवता त्याच्या मालकीला हात घालता येईल काय, हा प्रश्न ज्याने पायांनी विचारला असा माणूस या तालुक्याने दिला. उत्तर अपुरे आले म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

याच तालुक्यात पुढे, नव्या शतकात, मालकीचा आणखी एक झगडा झाला. उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतल्या गावांची जमीन एका प्रचंड विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे ठरले होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी हरकत घेतली: आमच्या शेताला पाणी देण्यासाठी धरण बांधले आणि आता शेतच घेता? प्राध्यापक एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते या लढ्यात उतरले. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. जमीन घ्यायची की नाही हे जमीनधारकाला विचारण्याचा असा प्रसंग या देशात विरळाच. मत देणाऱ्यांचा कौल प्रकल्पाच्या विरुद्ध होता, आणि ते भूसंपादन शेवटास गेले नाही. त्या वेळी जिंकल्याचा आनंद आम्हीही केला. त्यानंतर त्याच पट्ट्यात दलालांच्या मोटारी फिरू लागल्या आणि एकरा-एकराने बरीच जमीन राजीखुशीने विकली गेली. जी गोष्ट सरकारी सूचनेने झाली नाही ती रोख पैशाने झाली. याला हरणे म्हणावे की विकणे, यावर आमच्या कार्यकर्त्यांत अजून एकमत नाही.

आता धाटावच्या पोरांकडे वळू. कुंडलिकेच्या काठी ही रासायनिक कारखान्यांची वसाहत वसली आहे. तेथल्या एका कारखान्यात, त्याचे नाव येथे नको, आम्ही मागणीपत्र दिले. बोलणी अकरा महिने चालली. मधे टाळेबंदीची नोटीस लागली, चार कार्यकर्ते निलंबित झाले, फाटकासमोरचा आमचा मांडव दोनदा उपटला गेला. अखेरीस तीन वर्षांचा करार झाला, चौघांना कामावर घेतले गेले, पगारवाढ मागितली त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त मिळाली. त्या रात्री तरुण कामगारांनी मोबाइलवर जी चित्रे एकमेकांना धाडली, त्यांत कारखान्याच्या व्यवस्थापकाचे छायाचित्र होते, त्याच्या डोक्यावर कोणीतरी गाढवाचे कान काढले होते, आणि खाली ती तीन अक्षरे होती. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळांतून ती त्यांनी उचलली होती. त्यांतला सर्वांत लोकप्रिय खेळ सरकारने २०२० साली बंद केला तेव्हा तो नाव बदलून पुढच्या वर्षी परत आला, हे त्यांनीच आम्हांस सांगितले.

आम्ही त्यांना रागावलो नाही. अकरा महिने ज्याने अपमान गिळला त्याने एक रात्र गाढवाचे कान काढले तर आकाश कोसळत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला आम्ही फाटकावर उभे होतो, आणि त्यांना विचारले, “बाबांनो, या शब्दाचा अर्थ काय?” एकाने सांगितले, “साहेबाला पार झोपवला, कामगारभाऊ.” आम्ही म्हटले, “तो अर्थ झाला. शब्द काय आहे?” मग त्यांच्यातल्याच डिप्लोमा झालेल्या एका मुलीने, ती प्रयोगशाळेत कंत्राटी कामाला आहे, ‘ओन’ची सगळी हकीकत सांगितली. म्हणजे आपण मालक झालो, असे ती म्हणाली आणि स्वतःच हसली. तिची हजेरी कारखान्याच्या मस्टरवर नाही, कंत्राटदाराच्या वहीत आहे. आमच्या करारातला एकही रुपया तिला मिळालेला नव्हता. ती हसली तेव्हा बाकीचे गप्प झाले.

संघटनेतल्या जिंकण्याचे हे वैशिष्ट्य बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. कुस्तीत हरलेला मल्ल आपल्या गावी जातो. निवडणुकीत पडलेला उमेदवार घरी बसतो. इथे हरलेला व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत असतो आणि जिंकलेला कामगार त्याच्याकडेच रजेचा अर्ज घेऊन जातो. त्याला खरोखर ‘पोन’ केला, पार जमीनदोस्त केला, तर तिसऱ्या महिन्यात तो एकेकाला गाठून त्याचा वचपा काढतो. म्हणून करारावर सही करताना समोरच्याला तोंड दाखवायला थोडी जागा ठेवावी लागते. आमच्या काही मित्रांना यात तडजोडीचा वास येतो. वास आहेच. पण १९८२ साली १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात दोन्ही बाजूंना पुरता विजय हवा होता. मालकांना तो बऱ्याच अंशी मिळाला, आणि मिळाल्यावर त्यांनी गिरण्या चालवल्या नाहीत, जमिनी विकल्या. कोकणातल्या कितीतरी घरांच्या चुली त्या गिरण्यांवर पेटत होत्या. रोहे-पेणच्या गावांत परत आलेली ती माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. दुपारी ओटीवर बसून असत, आणि पाळीचा भोंगा नसल्यामुळे त्यांना किती वाजले ते कळत नसे.

संगणकवाल्यांच्या जगात या शब्दाचे दोन उपयोग असे आहेत की ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात २००७ साली एक स्पर्धा सुरू झाली. जो स्पर्धक समोरच्या संगणकाचे कुलूप फोडून त्यावर ताबा मिळवील, त्याला तो संगणकच बक्षीस. ‘पोन’ केलेस तर तुझी ‘ओन’, अशा अर्थाचेच तिचे नाव आहे. पण यातली खरी मेख अशी की कुलूप कसे फोडले ते त्याने यंत्र बनवणाऱ्या कंपनीला सांगायचे असते, म्हणजे भोक बुजवता येते. दुसरा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट या गृहस्थाने २०१३ साली केला. त्याने महाजालावर एक जागा उघडली. तिथे आपला ईमेलचा पत्ता लिहिला की तो कोणकोणत्या चोरीत सापडला आहे ते कळते. त्या जागेचे नावच ‘मी पोन झालो आहे काय?’ असे आहे. खेळातली शेखी होती, तिचा हरलेल्याच्या तोंडचा प्रश्न झाला. द्रौपदीच्या प्रश्नाची आठवण आम्हांस झाली ती याच ठिकाणी.

त्या मुलीने आमच्या मोबाइलवर आमचा पत्ता तिथे घालून दाखवला. तीन ठिकाणी सापडला. मग जमलेल्या सगळ्यांनी आपापले पत्ते घातले. ज्यांच्याजवळ घर नाही, शेत नाही, पक्की नोकरी नाही, अशांचीही नावे, जन्मतारखा आणि फोन कोणाच्या तरी मालकीचे झालेले निघाले. कंत्राटदार आता हजेरीसाठी अंगठा घेतो, चेहऱ्याचे छायाचित्र घेतो. ते कुठे ठेवले जाते असे आम्ही त्याला विचारले तेव्हा त्याने वर बोट दाखवले. ईश्वराकडे की मुंबईच्या कार्यालयाकडे, ते समजले नाही.

कराराची मुदत येत्या वर्षी संपते. नव्या मागणीपत्राचा मसुदा आमच्या रोह्याच्या कचेरीत लिहिला जात आहे, आणि तो लिहिण्याच्या समितीत ती मुलगी आहे. पहिली मागणी कंत्राटी कामगारांची नावे कारखान्याच्या मस्टरवर घेण्याची आहे. दुसरी, हजेरीसाठी घेतलेले अंगठे आणि चेहरे कोणाकडे राहतात ते कामगाराला लेखी कळवण्याची. ही दुसरी मागणी कोणत्या कलमाखाली बसवावी, यावर तीन बैठका झाल्या आहेत.